नटाखालचा चंदेरी रंग

करडीच्या फाट्यावर देवाजीचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार टिनपत्रे, एक बाभूळ आणि हवेची टाकी. पण आमच्या भागात चाक बसवावं तर देवाजीनंच, हे मी छाती ठोकून सांगतो. एक नट थोडा कसला की तो शेजारचा सोडून समोरचा धरतो. सगळे हळूहळू, सारखे आवळतो. "भाकर एकाच अंगानं शेकता का रे?" असं घाई करणाऱ्याला विचारतो.

त्याला शौक एकच, रंगाचा. दसऱ्याआधी आसपासच्या गाड्या त्याच्याकडे येतात. चाकं उतरतात, डिस्कवर चंदेरी रंगाचे जाड हात चढतात. यंदा त्यानं आपल्या छोट्या हत्तीची, म्हणजे मालवाहू टेम्पोची, चाकं रंगवली, आणि सोबत जावयाच्या कारचीही. लेक रक्षा सणाला आली होती. तिला सातवा महिना होता. रंग पुरता वाळला नव्हता, पण पूजेची वेळ गाठायची होती. देवाजीनं चाकं चढवली आणि नट कसले.

सण झाल्यावर सकाळी रक्षा आणि जावई चंद्रकुमार जवाहरनगरला निघाले. देवाजी टेम्पोतून तांदळाची पोती पोचवून परतत होता, तोच मागच्या चाकातून खट्खट् ऐकू आली. तो उतरला. नटाला बोट लावलं, तर नट फिरला. नुसत्या बोटानं! खालचा रंग चुरून गळला होता आणि त्या गळलेल्या थराएवढा नट सैल पडला होता.

 जावयाच्या चाकांना तोच डबा होता, तोच ओला हात.

त्यानं रक्षाला फोन लावला. उचलला कलाबाईनं, त्याच्या बायकोनं. "पोरगी फोन घरीच इसरली जी. काहून, काय झालं?"

"काही नाही," देवाजी म्हणाला.

चंद्रकुमारचा फोन वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन उचलत नसे. ही शिस्त सासऱ्यानंच लावलेली.

फाटा जवळच होता; टेम्पो तिथंच सोडून देवाजी दुकानाशी धावला आणि पाना कमरेला खोवून मोटारसायकलवर निघाला. दोन्हीकडे धान लोंबीवर आलं होतं, तलावाच्या पाण्यावर ऊन पसरलं होतं. त्याला दिसत होत्या फक्त सडकेकडेच्या नाल्या. पुढच्या वळणावर माणसं गोळा झालेली दिसली आणि त्यानं वेग वाढवला. जवळ गेला, तर ढिवर बाया मासे विकत होत्या. "घ्या ना जी भाऊ, ताजे हायेत!" एकीनं हाक मारली. तो थांबला नाही.

वैनगंगेच्या पुलाअलीकडे कार उभी होती.

"मामाजी, तुमी?" चंद्रकुमार चकित झाला. "स्टेअरिंग थरथरून राहिलं होतं, म्हणून बाजूले घेतली."

रक्षा झाडाखाली बसली होती. "फोन द्याले आले का जी बाबा?" ती हसली.

देवाजी पाना काढून पुढं झाला. चाकाशी बसला. एक नट शेवटच्या आट्यावर लटकत होता, बाकीचे बोटानं फिरत होते. त्यानं एकदा पुलाकडे पाहिलं, खालच्या भरल्या पात्राकडे पाहिलं, आणि मान फिरवली. मग एकेक चाक उतरवलं, चाकूनं रंग खरवडून लोखंड उघडं केलं आणि नट आमनेसामने आवळले. 

"बसू का बाबा?"

आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बॉनेटवर थाप मारून 'जा बिनघोर' म्हणत आला होता. आज त्यानं थाप मारली नाही. मोटारसायकल तिथंच लावून तो मागचं दार उघडून रक्षाशेजारी बसला, पाना मांडीवर घेऊन.

"जवाईबापू, सावकाश. पूल झाला का थांबजा."

गाडी पुलावर चढली. देवाजीचे कान चाकांत होते. पलीकडे उतरून त्यानं एकेका नटाला पाना लावला. एकही हलला नाही.

"झालं ना आता?" रक्षानं विचारलं.

"भंडारा आला का अजून एकदा पाहू," तो म्हणाला आणि परत गाडीत बसला.