आपल्या माणसांत

वसाहतीत तिला सगळे धोटा म्हणायचे. हातमागावर बसली की सूत इकडून तिकडे नेणारा तिचा धोटा थांबत नसे आणि तोंडही. कुष्ठरोग झाला तेव्हा ती शाळकरी होती. वडिलांनी वसाहतीच्या फाटकापर्यंत आणून सोडलं, त्यानंतर घरचं कुणी फिरकलं नाही. औषधांनी रोग कधीच बरा झाला, पण तोवर डाव्या हाताची बोटं गेली होती. उरलेल्या खुंटांनी ती सूत धरायला शिकली, तिथल्याच एका सुताराशी लग्न केलं, आणि तो गेल्यावरही तिथंच राहिली.

मग सरकारनं ठरवलं, बऱ्या झालेल्यांना वेगळं ठेवणं अन्याय आहे. वसाहती बंद, प्रत्येकानं आपल्या माणसांत परतायचं. सांगायला आलेला अधिकारी भला होता.

"ताई, आता तुम्हाला कुणी कोंडून ठेवणार नाही."

"कोंडलंय कुणी, साहेब? आमची कडी आतून असते."

त्याला ती गंमत वाटली. तो हसला.

सरकारी पत्र मिळाल्यावर धाकटा भाऊ न्यायला आला. त्याचं शिवणकामाचं दुकान होतं, मागं दोन खोल्या. एकीतले कापडाचे गठ्ठे हलवून त्यानं तिची खाट टाकली. वहिनी काही वाईट नव्हती. ताट मात्र दाराशी ठेवायची, आणि ठेवताना खाली बघायची.

"माझ्यापासून कुणाला काही होत नाही गं. डॉक्टर सांगतात."

"मला कळतं हो वन्सं," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाइकांना कोण समजावणार?"

दुकानातलं शिलाई मशीन दुपारभर गप्प राहू लागलं.

भाचीला बघायला पाहुणे येणार होते, त्या दिवशी धोटा स्वतःच म्हणाली, "बाहेरून कडी लाव." पलीकडे कपबश्या वाजत होत्या, हसणं चाललं होतं. तिला खोकल्याची उबळ आली, तशी तिनं चादरीचा बोळा तोंडात कोंबला. पाहुणे खूश होऊन गेले. पण शेजाऱ्यांपैकी कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि नकार आला.

भाची खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "आत्या, तू तिकडेच का नाही राहिलीस?"

सकाळी कुणाला न सांगता धोटानं बस पकडली.

वसाहतीच्या फाटकावर कसल्याशा प्रशिक्षण केंद्राची पाटी होती. मोडलेल्या मागांचा ढीग आवारात उघड्यावर पडला होता. पहारेकरी नवा होता.

"आजी, कुणाला भेटायचंय?"

"मी इथंच राहते."

"इथं आता कुणी राहत नाही."

तिनं फाटकाचा गज धरला. पहारेकऱ्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तो ओरडला नाही. काठीच्या टोकानं त्यानं तो हात गजावरून अलगद सोडवला.

बसस्थानकाच्या पायऱ्यांवर वसाहतीत तिच्या शेजारच्या मागावर बसणारी बाई वाडगा घेऊन बसली होती. तिला तिच्या मुलानंच इथं आणून सोडलं होतं. धोटाला पाहून ती जरा सरकली.

"ये, बस. समाजात सोडलंय आपल्याला. बघ, केवढा आहे."

दोघी हसल्या. मग धोटा हसता हसता रडायला लागली आणि बराच वेळ तिला थांबता येईना.

काही दिवसांनी भाऊ शोधत आला. खालच्या पायरीवरच थांबला.

"चल ताई, घरी."

"पोरीचं जमू दे आधी," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. तिच्या कपड्यांची पिशवी तो सोबत घेऊनच आला होता. ती तिच्यापाशी ठेवून तो परतीच्या बसकडे वळला.