आत्याची बिनगर्दीची सहल

सहलीची हौस माणसाच्या अंगातून कायमची काढून टाकायची असेल, तर त्याला मे महिन्यात एकदा माझ्या आत्याबरोबर पाठवावं. बीडमध्ये राहून उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकापोरांना कुठे न्यायचं, हा प्रश्न इतर घरांत महिनाभर चर्चेला असतो. आमच्याकडे आत्या तो एका वाक्यात सोडवते. "जिथं गर्दी न्हाई, तिथं जायचं." आणि गर्दी नसलेली ठिकाणं शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, कारण तिची पद्धत अगदी सोपी आहे. ती ठिकाण बदलत नाही, वेळ बदलते. धबधबा बघायचा तर मे महिन्यात. किल्ला चढायचा तर दुपारी साडेबाराला. मोर बघायचे तर मोरसुद्धा सावली शोधून झोपले असताना.

पहिल्यांदा तिने आम्हाला मांजरसुंब्याजवळच्या धबधब्यावर नेलं, तेव्हा माझ्या दोन्ही मुलांनी घरूनच पोहायचे कपडे घातले होते. समोर काळाठिक्कर कोरडा कडा, आणि त्याखाली एक शेळी रवंथ करत बसलेली. आत्याने कड्याकडे बोट दाखवून पाणी कुठून पडतं, कुठे आपटतं, तुषार किती लांब उडतात हे मुलांना सविस्तर समजावून सांगितलं. मग तृप्त चेहऱ्याने म्हणाली, "पावसाळ्यात इथं उभं ऱ्हायला जागा नसती." आम्ही त्या जागेत दोन तास मनसोक्त उभे राहिलो. शेळीने काही आम्हाला जागा करून दिली नाही.

यामागचं कारण मला माहीत नाही असं नाही. आत्या पंचवीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. लग्नसराई, जत्रा, शाळा सुटायची वेळ, या सगळ्यांतून ती कोपराने वाट काढत तिकिटं फाडत गेली. निवृत्तीनंतर तिला माणसं जरा विरळ असलेलीच आवडावीत, हे मी समजू शकतो. समजत नाही ते एवढंच, की नोकरी सुटली तरी कंडक्टरकी का सुटली नाही. सहलीसाठी भाड्याची जीप दारात आली की कोण कुठे बसणार, हे ती ठरवते. मला, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाला, नेमाने मागच्या आडव्या बाकावर, कलिंगडाच्या शेजारी जागा मिळते. मलाच मागे का, असं एकदा विचारून पाहिलं. "तुला उलटी होत न्हाई," ती म्हणाली. माझ्या गुणांची इतकी कदर आजवर कुणी केलेली नाही.

दर थांब्यावर ती माणसं मोजते. एकदा आम्ही पाच जण असताना तिचे सहा भरले. आम्ही हसलो, तर सहावा खरोखरच निघाला. ढाब्यावर आम्ही चहा पीत असताना आमची जीप काळीपिवळी समजून एक गृहस्थ आत येऊन बसले होते, आणि गाडी कधी भरणार म्हणून माझ्यावरच चिडले होते. आत्याने त्यांना उतरवलं नाही. नेकनूरला त्यांच्या घरापर्यंत सोडलं, आणि आमची सहल तिथल्या ओट्यावर दुसरा चहा पिऊन संपली.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिने धारूरचा किल्ला काढला. दुपारी एक वाजता आम्ही तटावर होतो. गर्दी अर्थातच नव्हती, पाखरूसुद्धा नव्हतं. पाय भाजून आम्ही लवकरच परत निघालो, आणि घाटात एका वळणावर लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी बंद पडलेली दिसली. तीस-चाळीस माणसं भर उन्हात रस्त्यावर उभी होती. एवढा जमाव बघून आत्या ड्रायव्हरला गाडी दामटायला सांगणार, अशी माझी खात्री होती. तिने त्याला थांबवलं आणि तो पुरता थांबायच्या आत ती उतरली.

गाडीच्या चाकाला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले, हाक मारली तरी ओ देत नव्हते. त्यांची बायको पदराने वारा घालत होती. शेजारी एक बाई महिन्याभराचं लेकरू घेऊन उभी होती. बाकीची मंडळी गाडीच्या चालकाशी भांडण्यात गुंतलेली. आत्याने आमचं पिण्याचं पाणी म्हाताऱ्यांच्या डोक्यावर ओतलं, मानेला ओला टॉवेल गुंडाळला, आणि वळून मला म्हणाली, "आपली मानसं उतरव."

आम्ही उतरलो. आमच्या जागांवर म्हातारा-म्हातारी, लेकुरवाळी आणि तिची सासू बसली, आणि जीप धारूरच्या दवाखान्याकडे गेली. आता आपण काय करायचं, असं माझ्या बायकोने दबक्या आवाजात विचारलं.

"आपल्याला कावून घाई?" आत्या म्हणाली. "आपन सहलीला आलोत."

मग तिने सगळ्या वऱ्हाडाला ओळीने एका लिंबाच्या सावलीत बसवलं, भांडणाऱ्यांना वेगवेगळ्या टोकांना. कलिंगड कापून आधी पोरांना दिलं. माझ्या वाट्याला साल आली. दोन तासांनी जीप परतली. म्हाताऱ्यांना सलाईन लावलंय, ते बोलायला लागलेत, लग्नाला उशीर झाला म्हणून बायकोवर चिडलेत, असं ड्रायव्हरने सांगितलं. सगळे हसले. आत्या मात्र कडेच्या दगडावर बसली आणि तिने तोंडाला पदर लावला.

यंदा तिचे गुडघे पार गेले. आम्ही बोलवायला गेलो तर म्हणाली, "तुमी जाऊन या. माझी जागा रिकामी नेऊ नका. कुनाला तरी बसवा." आम्ही शहाण्या माणसांसारखे संध्याकाळी निघालो. वाटेत हात दाखवणारं कुणी भेटलं नाही. खरं सांगायचं तर आम्ही कुणाला शोधलंही नाही. जागा तशीच गेली आणि तशीच आली.

परतल्यावर आत्याने आधी तेच विचारलं. मी काही बोलायच्या आत माझी दहा वर्षांची मुलगी म्हणाली, की घाटात एक आजी भेटल्या, त्यांच्याजवळ मोठं गाठोडं होतं, त्यांना बसवलं.

"उतरताना हात दिलास का?" आत्याने विचारलं.

"दिला," मुलगी म्हणाली.

"लई बरं केलंस," असं म्हणून आत्याने पाय लांब केले आणि डोळे मिटले.