नवस मोडला की फिटला?

कोणाचं ऐकावं तेच मला कळेना. माझी लेक दोन वर्षांची होत आली, तरी दोन पावलं टाकली की एका अंगाला कलायची आणि पडायची. म्हणून मी कौंडण्यपूरच्या रुक्मिणीमायला नवस बोलले, की पौर्णिमेला लेक तुझ्या पायावर घालीन, तोवर तिचे पाय जमिनीला लागू देणार नाही. मग अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासलं. लेकीच्या कानात साचलेलं पाणी औषधाने ओसरलं. "तोल सांभाळणारी जागा कानाच्या आतच असते," ते म्हणाले. "कान, डोळे अन् पाय, तिघांची गट्टी अजून जमायची हाय. तिले चालू द्या, पडू द्या. पडल्याबिगर ते जमत नाही." झालं, इकडे आड तिकडे विहीर! लेकीला खाली सोडावं तर देवी कोपेल, कडेवर ठेवावं तर तिचं चालणं मागे पडेल. मी तिला कडेवर घेऊन नुसती रडायची.

पौर्णिमेला अमरावतीहून बसने कौंडण्यपूरला गेले. दर्शनाआधी पाय धुवायला वर्धा नदीच्या काठी उतरले, तर शेजारची एक अनोळखी आजी डोलायला लागली. "धर वं माय, मले गरगरून राह्यलं!" माझे दोन्ही हात लेकीत अडकलेले. विचार न करता तिला रेतीवर ठेवलं आणि आजीला सावरून बसवलं. मग ध्यानात आलं. नवस मोडला! वळून पाहिलं तर लेक ओल्या रेतीत उभी. डुलली, बुडावर आपटली, परत उठली. मी धावणार तर आजी माझा हात सोडेना. "काहून पळतं वं? ते येऊनच राह्यली ना!" आणि खरंच, पडत उठत लेक माझ्या गुडघ्यांपर्यंत आली.

आजी काही अदृश्य वगैरे झाली नाही. माझ्यासोबत वर मंदिरात आली, प्रसाद मागून दोनदा घेतला. मायनेच तिला चक्कर आणली म्हणावं, तर बिचारीचे हाल कशाला? डॉक्टरांचे उपकार मानावेत की मायचे? मला आजही उमगत नाही, म्हणून दोघांचेही मानते.

गाभाऱ्यासमोर लेक माझं बोट सोडून निघाली आणि उंबऱ्याशी धपकन पडली. हात शिवशिवले, पण मी ते जोडूनच ठेवले. "माय, तुझ्या पायाशी पडली, आता तूच उठव," म्हणाले. लेकीने उंबरा धरला आणि उठली.