आमच्या लॉनचं देवस्थान झालं तेव्हा

प्रताप नगरातल्या आमच्या घरासमोर दोन खाटा टाकल्या तर भरून जाईल एवढी जागा आहे आणि तिला आम्ही लॉन म्हणतो. म्हणायला कोणाच्या बापाचं काय जातं? पण हे लॉन मी शोभेसाठी केलं नव्हतं. बायकोच्या तळपायांसाठी केलं होतं.

तिचं दुखणं मोठं होतं. औषधांनी ते गेलं, पण जाताना दोन्ही तळव्यांतली जाणीव घेऊन गेलं. तापलेली फरशी, गार फरशी, सांडलेलं पाणी, तिला सगळं सारखंच. पायातली चप्पल निसटली तरी कळायचं नाही. ती एकाच चपलेनं घरभर फिरायची आणि दुसरी शोधत मी तिच्यामागे. येणारे-जाणारे हसायचे, तीही हसायची. मला मात्र हसू येत नव्हतं, भीती वाटायची. डॉक्टर म्हणाले, जाणीव परत येईल किंवा येणारही नाही, वाट पाहा. वाट पाहणं हा माझा स्वभाव नाही. तिच्या मनानं मात्र घेतलं होतं की सकाळच्या दवात गवतावर अनवाणी चाललं की पाय जागे होतात. डॉक्टरांनी नाखुशीनंच होकार दिला. गवत घरचं हवं, सोबत माणूस हवा आणि टाचांना भेगा आहेत, तेव्हा गवतावर खत-औषधाचा थेंब नको.

म्हणून मी साधी देशी हरळी लावली. ती उन्हाळ्यात मेल्याचं सोंग घेते आणि पाण्याचा शिंतोडा मिळाला की उठून बसते. रासायनिक खत बंद, तर मग तिला खायला काय घालायचं? हे शास्त्र आमच्या साळ्याकडे होतं. नरखेडकडे त्याची संत्र्याची बाग आहे आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर असतं. तो शेण आणि गोमूत्राच्या कॅना घेऊन एसटीनं आला. सगळी गाडी पुढच्या बाजूला सरकली आणि त्याला मागचं अख्खं बाकडं आडवं व्हायला मिळालं, हे तो अजूनही अभिमानानं सांगतो. अंगणात ड्रम मांडला. त्यात शेण, गोमूत्र, गूळ, मूठभर माती आणि बेसन. बेसनाचा डबा रिकामा झाला तेव्हा बायको म्हणाली की गवताला पिठलं आणि आम्हाला वरण, हा न्याय बरा आहे.

ड्रम आंबायला लागला आणि वास कॉलनीभर फिरला. शेजारच्या वहिनी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी शाळा अजून त्यांच्या आवाजात भरते. त्या नाकाला पदर लावून फाटकाशी आल्या आणि हे काय कुजवून राहिले म्हणून विचारलं. गाईचं शेण आणि गोमूत्र आहे म्हटल्याबरोबर पदर नाकावरून डोक्यावर गेला. त्यांनी ड्रमला नमस्कार केला आणि घरी गेल्या. वास तोच होता, पण त्यानंतर कोणी तक्रार केली नाही.

हरळी अशी दाट आली की काय सांगू. लव्हाळा आणि गाजरगवत मी रोज हातानं उपटायचो, कमरेचा पार काटकोन झाला. बायको रोज सकाळी माझा हात धरून चालायची. काही लागतं का, असं मी विचारायचो. ती नाही म्हणायची. पण नाही म्हणतानाही तोंड असं करायची की जणू आत्ता लागेलच. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग संकष्टी आली. वहिनी आल्या आणि लॉनकडे बोट दाखवून म्हणाल्या, की ह्या दुर्वाच ना? बाजारच्या दुर्वा कुठल्या नाल्याकाठच्या असतात कोण जाणे, तुमच्या तर शेणा-गोमूत्रावर पोसलेल्या. जुडीपुरत्या नेल्या तर चालतील का? देवाच्या कामाला नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. मी हो म्हटलं. तिथंच माती खाल्ली.

पुढच्या चतुर्थीला दहा-बारा बाया आल्या. गणपती बसले तेव्हा तर सूर्य उगवायच्या आत फाटकाशी चपलांची रांग लागायची. कोवळी, तीन पानांची शेंडी तेवढी वेचून घ्यायच्या, म्हणजे लॉनचा जीवच घ्यायच्या. कोणी लॉनच्या कडेला हळद-कुंकू वाहिलं. कोणी नारळ फोडला, त्याचं पाणी ड्रमला घातलं. लांबच्या वस्तीतून एक गृहस्थ आले आणि दर्शनाची वेळ विचारू लागले. कशाचं दर्शन, असं विचारलं तर तेही गोंधळले, पण हात जोडूनच गोंधळले. लोक गणपती करायला जातात आणि मारुती होतो. मी लॉन करायला गेलो आणि गणपती झाला.

एक दिवस मी पाण्याचा पाइप घेऊन माझ्याच गवतावर उभा होतो, तर वहिनी फाटकातून कडाडल्या.

"चप्पल घालून काहून उभे राहिले जी तिथं? देवाची जागा आहे ना."

मी चप्पल काढली. माझ्या घरात, माझ्या लॉनवर. पण खरा घाव त्याच्या दुसऱ्या सकाळी बसला. बायको पायरीशी आली, हातही धरला आणि तिथंच थांबली.

"देवाले वाहायची वस्तू आहे जी," ती म्हणाली. "तिच्यावर पाय कशी ठेवू मी?"

मी समजावलं. रागावलो. देवाला अख्खं नागपूर पडलं आहे, तुला एवढंच गवत आहे, असंही म्हणालो. ती ऐकेना. रोज सकाळी पायरीवर बसून ती दुसऱ्या बाया वेचताना पाहायची आणि पदरानं आपले पाय झाकून घ्यायची.

गणपती उठेपर्यंत मी दम धरला, कारण देवाशी उघड वैर नको. मग सीताबर्डीहून फवारणीचा पंप आणला आणि त्यात नळाचं पाणी भरलं. फिरायला जाणाऱ्यांची गर्दी असते त्या वेळी तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांना गॉगल लावून, हातात मोजे घालून मी लॉनवर फवारणी केली. अधूनमधून खोकलोही. फाटकावर पाटी लावली, विषारी औषध मारले आहे.

हाहाकार झाला. देवाच्या गवतावर विष? स्वतःच्या कुंड्यांत युरिया ओतणाऱ्यांनी मला रसायनांचे दुष्परिणाम समजावले. वहिनींनी फाटकाबाहेरून व्याख्यान दिलं आणि शेवटी निकाल सुनावला, की हे गवत आता देवाच्या कामाचं राहिलं नाही, बाटलं. आमच्याकडे येणारा प्रसाद बंद झाला. फाटकाशी एक चप्पल दिसेना.

बायकोला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पंपात नुसतं पाणी आहे. देवाच्या नावानं खोटेपणा केला म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना तिनं विचारलं की वहिनी नक्की बाटलं म्हणाल्या का. नक्की म्हणाल्या, मी सांगितलं. तिनं बराच विचार केला. पाणी आहे हे तिला ठाऊक होतं, पण चार लोकांनी सोडलं म्हणजे देवानंही सोडलंच, असा तिचा हिशेब लागला. बाटलेल्या गवतावर पाय ठेवायला हरकत नव्हती.

दुसऱ्या सकाळी ती उतरली. वेचून वेचून लॉनला जागोजागी टक्कल पडलं होतं. रागाच्या भरात मीही निंदणीकडे पाहिलं नव्हतं, त्यामुळे मधे मधे काय काय उगवलं होतं. तिनं माझा हात धरला, दोन फेऱ्या झाल्या. काही लागतं का, मी विचारलं. नाही म्हणाली. आणखी दोन पावलं टाकली आणि एकदम हात सोडून मटकन खाली बसली. माझा जीवच उडाला.

"काय झालं वं?"

ती उजवा पाय मांडीवर घेऊन पाहत होती. टाचेच्या जरा पुढे सराट्याचा काटा रुतला होता, कडेला रक्ताचा ठिपका. तिनं मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते.

"बोचलं जी मले."

मी तिच्यासमोर गवतात बसलो, पाय हातात घेतला आणि काटा काढायला चिमूट पुढे केली, तर तिनं पाय मागे ओढून घेतला.

"राहू द्या ना जी," ती म्हणाली. "थोडा वेळ राहू द्या."