पंचवीस पुस्तकांचं वर्ष

पोलिस ॲक्शननं निजामाचं राज्य गेलं आणि आमच्या शाळेची भाषा बदलली. उर्दू गेली, मराठी आली. मुलांना ते सोपं गेलं, त्यांच्या घरात मराठीच होती. अवघड गेलं ते मला. माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. मराठी आईची भाषा, पण वाचताना ओळीखालून बोट न्यावं लागे. अशा माणसाला हेडमास्तरांनी चौथीचा वर्ग दिला आणि वर एक टूम काढली. उन्हाळ्याच्या सुटीआधी जे मूल पंचवीस पुस्तकं वाचील, त्याला बक्षीस. मुलानं येऊन गोष्ट सांगायची, मी दोन प्रश्न विचारून वहीत खूण करायची.

म्हणजे पुस्तकं आधी मला वाचायला हवी होती.

सकाळी शाळा, दुपारी शिक्षकांसाठी मराठीचा वर्ग, शनिवारी मोटारीनं गंगापूरला आजारी वडिलांकडं. पहिली पाच पुस्तकं मी नीट वाचली. पुढची नुसती चाळली. मग तेही सुटलं. मुलं गोष्ट सांगत, मी जांभई दाबत विचारी, "तुला त्यातलं कोण आवडलं?" हा प्रश्न कुठल्याही पुस्तकाला चाले.

वर्गात एका मेंढपाळाची मुलगी होती. आईबाप मेंढरं घेऊन गावोगाव फिरत, ती मामाकडं राहून शिके. सगळ्यांत पुढं तीच होती. एक दिवस तिनं एका नावाड्याची गोष्ट सांगितली. त्याची लेक हरवते. तो नदीभर शोधतो, शेवटी थकून नाव माघारी वळवतो, तर लेक घरी चुलीपाशी बसून भाकरी थापत असते. म्हणते, "बा, किती उशीर केलास."

कितीतरी महिन्यांनी मला एखादं पुस्तक वाचावंसं वाटलं. मधल्या सुटीत उघडलं, तर शेवटची पानंच नव्हती.

मी तिला बोलावलं. "हा शेवट कुठं वाचलास?"

"पानं फाटलेली व्हती गुरुजी. मंग मीच जोडला." मग तिनंच विचारलं, "पर तुमी तर वाचलं व्हतं ना? मंग तवाच का नाय बोलला?"

रागावता आलं असतं. पण तेवढं त्राणही उरलं नव्हतं.

"नाही वाचलं," मी म्हणालो. "बरीचशी नाहीत वाचली."

तिला त्याचं फार नवल वाटलं नसावं. तिनं विचारलं, "मंग माझी खूण खोडता का?"

"नाही खोडत."

संध्याकाळी मी हेडमास्तरांकडं जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी कागदांतून मान वर काढली नाही. "दमलेत सगळेच," ते म्हणाले. "खुणा मोजा आणि यादी आणून द्या."

सात मुलांना बक्षीस मिळालं, त्यांत ती होती. सुटी लागताच मामानं तिला आईबापाकडं पोचवलं. सुटीचे पहिले आठ दिवस मी दुपारभर नुसता झोपून काढले. जूनमध्ये मी त्याच मुलांबरोबर पाचवीवर गेलो. पटावर तिचं नाव होतं, ती आली नाही. महिनाभर हजेरीत मी ते नाव पुकारत राहिलो, मग खोडलं. पुस्तकांची टूम हेडमास्तरांनी पुन्हा काढली नाही आणि मीही त्यांना आठवण करून दिली नाही.