टाकीमागच्या बाटल्या

आमच्या कारखान्यात शर्ट शिवतात, आणि शर्ट शिवणारी बाई पोटुशी असलेली मालकाला चालत नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. फक्त दर सहा महिन्यांनी नर्सच्या खोलीत लघवीची बाटली भरून द्यावी लागते, आणि जिच्या बाटलीत नको ते निघतं तिला दुसऱ्या दिवसापासून गेटवरचा पहारेकरी ओळखत नाही. कायदा याला परवानगी देत नाही म्हणे. कायदा आमच्या गेटच्या आत कधी आलेला मी तरी पाहिला नाही.

यावर आमच्याकडे उपाय एकच होता, मावशी. माझ्या शेजारच्या टेबलावर ती वाफेची इस्त्री चालवते. तोंडाने फटकळ, मनगटावर भाजल्याचे डाग, आणि कॉलरला एक चुणी राहिली तर स्वतःवरच दिवसभर चरफडणार. तरुणपणी याच गेटातून तिलाही बाहेर काढलं होतं, परत घेतलं ते कितीतरी वर्षांनी. त्या धावपळीत मूल गेलं, पुढे दुखणं वाढत जाऊन गर्भाची पिशवीही काढावी लागली. त्यामुळे तिची बाटली बारा महिने स्वच्छ. तपासणीच्या दिवशी ती सकाळपासून घटाघटा पाणी प्यायची आणि संडासातल्या पाण्याच्या टाकीमागे भरलेल्या बाटल्या ठेवून यायची. जिला गरज असेल तिने गुपचूप उचलावी. कोणी कोणाला विचारायचं नाही, हा आमचा रिवाज. एखादी आभार मानायला गेली तर म्हणायची, "आभार कसले? नळ आहे, सोडला."

आम्ही पोट धरून हसायचो. कितीतरी जणींच्या चुली त्या नळावर चालल्या, हे मात्र खरं.

मावशी आम्हा सगळ्यांची, पण बटणीची सख्खी. बटणी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय एकोणीस. काजं-बटणांच्या मशीनवर बसते आणि अंगानेही बटणाएवढीच, म्हणून हे नाव. बहिणीने तिला मावशीच्या हवाली केलं तेव्हा मावशीने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "डोळ्यात तेल घालून सांभाळीन." आणि सांभाळलंही. दोघी एकाच खोलीत राहायच्या, एका डब्यात जेवायच्या आणि एका पांघरुणावरून भांडायच्या.

गेल्या वेळच्या तपासणीच्या सुमारास बटणीला सकाळी ओकाऱ्या होऊ लागल्या. मावशी काही दूधखुळी नव्हे. पण पोरीला तोंडावर विचारायची तिची छाती होईना. ती सरळ नर्सकडे गेली.

"आमच्या बटणीचं काय आलं हो?"

"क्लीन आहे," नर्स म्हणाली.

मावशी टेबलावर परत आली ती हसतच. मला म्हणाली, "क्लीन आहे पोर. मी उगाच जीव टांगणीला लावला." मग तिने बटणीला पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या, चहा बंद केला, आणि रिकाम्या पोटी तिखट खाते म्हणून रोज तिची खरडपट्टी काढली.

टाकीमागच्या बाटल्या लग्न झालेल्या बायकाच उचलतात, असं मावशी धरून चालली होती. ज्या बाटलीवर तिने विश्वास ठेवला ती तिचीच होती. अख्ख्या कारखान्याला तिने ज्या बाटलीने फसवलं, तिनेच तिला फसवलं. यावर हसावं असं मला एकदाही वाटलं नाही.

खरं बाहेर आलं ते बटणीच्या सलवारीला नाडी पुरेना तेव्हा. खोलीत मावशीने तिला समोर बसवलं. मीही होते, मावशीनेच बोलावलं होतं, तिला एकटीला धीर नव्हता.

"कुणाचं?"

"मशीन दुरुस्त करायला यायचा ना, त्याचं. सांगितलं तर दुसऱ्या कारखान्यात गेला. फोन लागत नाही."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"मी दवाखान्यात गेले होते, मावशी. सुट्टीच्या दिवशी, एकटीच. खिडकीवरची बाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, नवरा कुठाय, नवऱ्याला घेऊन ये. मी मागच्या मागे परत आले. मग तपासणी आली. तू घरी रोज सांगायचीस, नोकरी गेली तर दोघी रस्त्यावर येऊ. मी टाकीमागची उचलली."

मावशीने कपाळ बडवून घेतलं नाही की आरडाओरडा केला नाही. तिने उरलेल्या पित्ताच्या गोळ्या केरात टाकल्या आणि मला तिची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण होती, चांगली होती. तिने बटणीला तपासलं आणि म्हणाली, "अठरा पूर्ण आहेत, तेव्हा नवरा लागत नाही, कोणाची सहीही लागत नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?" मग तिने केसपेपरवर तारखा मोजल्या. "ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा आली असतीस तर गोळ्यांवर भागलं असतं. आता कायद्याची मुदत उलटली. मला हात लावता येत नाही. समितीकडे अर्ज करा."

"समिती हो म्हणेल?" मावशीने विचारलं.

"आईच्या जिवाला धोका असेल तर म्हणते."

"आणि जीव नकोसा झाला असेल तर?"

डॉक्टरणीने अर्जाचा कागद पुढे सरकवला. तिला उत्तर येत होतं, असं मला वाटलं. फक्त ते द्यायची तिला परवानगी नव्हती.

समितीने आज या, उद्या या करत आम्हाला ताटकळत ठेवलं. मुदत उलटली म्हणून आलेल्या माणसाला आणखी थांबवायचं, याला काय म्हणावं ते मला कळत नाही. अखेर नकार आला. मुलीची तब्येत उत्तम आहे, असं त्यांचं म्हणणं. परतताना बटणी रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "वस्तीच्या मागे एक बाई आहे म्हणतात." मावशीने तिचा हात असा घट्ट धरला की तिच्या बोटांचे वळ उठले. "तिथं गेलेल्या दोघींना मी मसणात पोचवून आलेय," ती म्हणाली. तेव्हापासून ती बटणीला एकटीला नळावरसुद्धा जाऊ देत नाही. रात्री दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली उशाखाली ठेवते.

बटणी कामावर येतच राहिली, न येऊन कारण काय सांगणार? मावशीने तिला नापास मालातला सर्वांत मोठ्या मापाचा शर्ट दिला. बटणी आता फारसं बोलत नाही. बटणं लावता लावता मध्येच हात थांबतो, पोटाशी जातो आणि चटका बसल्यासारखा परत येतो.

काल पुन्हा तपासणी होती. मावशी सकाळपासून पाण्याच्या तांब्याला शिवली नव्हती. "नळ बंद," एवढंच मला म्हणाली. दुपारी बटणी तिच्या टेबलाशी आली आणि सगळ्यांच्या देखत, कुठलाही रिवाज न पाळता, म्हणाली, "मावशी, एक बाटली दे."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. बाळंतपण तोंडावर, आणि नोकरी गेली तर खायचं काय हा प्रश्न दोघींनाही वेगळा विचारायची गरज नव्हती. तिने माझा पाण्याचा तांब्या उचलला, घशाखाली रिता केला, आणखी एक भरून आणला, तोही प्याली. मग संडासात गेली आणि टाकीमागे न ठेवता, बाटली बटणीच्या हातात दिली.

नर्सच्या खोलीबाहेर रांगेत मी बटणीच्या मागेच होते. नर्सने तपासणीची पट्टी बुडवली, वाट पाहिली, मग त्या मोठ्या शर्टकडे पाहिलं.

"क्लीन," ती म्हणाली. आणि हळूच, "जिना सावकाश उतर."

बटणी टेबलाशी परत आली. मावशीने इस्त्रीवरून नजर न काढता विचारलं, "काय म्हणाली?"

"क्लीन म्हणाली."

"माझीच ना ती," मावशी म्हणाली, "क्लीनच असणार." आणि इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.