बोर्डाच्या दारातला बाक

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करतो. फौजेत दर रविवारी मंदिर परेड असायची, म्हणजे हुकमाने देवदर्शन. बूट काढून रांगेत बसायचं, टाळ्या वाजवायच्या, प्रसाद घ्यायचा आणि मेसकडे निघायचं. बावीस वर्षं मी देवाला अशी हजेरी दिली. त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही, त्यामुळे तो देतो की नाही हे पाहायची वेळच आली नव्हती. ती आली रक्ताच्या कॅन्सरनंतर.

माझा कॅन्सर सावकाश चालणारा आहे. रोज एक गोळी, ठरावीक महिन्यांनी रक्ततपासणी, आणि बाहेरून पाहणाऱ्याला माणूस धडधाकट. उंचावरच्या ठाण्यावर टेलिफोनच्या तारा जोडायचो तेव्हाच बारीक ताप यायचा, अंग गळून जायचं. तापाची गोळी मागून घ्यायची आणि पुन्हा वर चढायचं, एवढंच मला ठाऊक. पुढे आजार सापडला आणि मुदतीआधीच घरी पाठवलं. निघताना मेडिकल बोर्ड बसतं. आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला का, आणि माणूस किती टक्के निकामी झाला, हे ते ठरवतं. अपंगत्वाची पेन्शन त्यावरच अवलंबून. साहेबांनी विचारलं, "कोई तकलीफ?" मी छाती काढून म्हणालो, "नो सर, फिट हूँ सर." कागदावरही तेच उतरलं. तक्रार नाही, टक्के नाममात्र, नोकरीशी संबंध नाही. दोष कोणाला देणार? फौजी माणूस डॉक्टरसमोर असंच बोलतो. आजारी म्हटलं की कामचोर ठरू, ही भीती रंगरूट असल्यापासून हाडात मुरलेली असते.

आम्ही भोपाळला राहिलो, कारण आमची ही शाहपुऱ्यातल्या शाळेत शिकवते. मी महाराणा प्रताप नगरातल्या एका इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर झालो. बारा तास उभ्याने ड्यूटी. संध्याकाळी सुजलेल्या पायांतून बूट निघायचे नाहीत, बोटांत पेटके यायचे. नोकरी सोडावी तर घर चालेना, आणि करावी तर शरीर चालेना. शेवटी हिनेच अर्जविनंत्या करून पुन्हा बोर्ड मागितलं. यंदा तारीख मिळाली. ही शेवटची संधी होती.

त्या सकाळी ही मला तलावाजवळच्या दत्ताच्या देवळात घेऊन गेली. डोळे मिटून पुटपुटत राहिली. मला उशीर होत होता, आणि का कोण जाणे, माझं डोकंच फिरलं. भर देवळात म्हणालो, "तुझा देव बहिरा आहे. बहिऱ्यापुढे किती कपाळ फोडशील?" पुजारी वळून बघायला लागले. ही रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही तरी त्याच्याशी कधी बोललात?" मग ती शाळेत गेली, तिच्या वर्गाची परीक्षा होती. मी एकटाच मिलिटरी हॉस्पिटलला पोचलो.

बोर्डाच्या दाराबाहेर एक लाकडी बाक होता. त्यावर पांढऱ्या झुपकेदार मिशांचे एक म्हातारे बाबूजी बसले होते. मी शेजारी टेकलो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मोठ्या आवाजात विचारलं, "क्या तकलीफ है, भैया?" मी सवयीने हसलो, पण नेहमीचा शब्द काही तोंडातून निघेना. बाबूजींनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा खरबरीत आणि ऊबदार होता.

मग मी बोलायला लागलो. पायांची सूज, पेटके, जिन्यात चार पायऱ्यांवर लागणारा दम, ठाण्यावर लपवलेला ताप. गोळी काम करेनाशी झाली तर, या विचाराने घाम फुटतो, हेही सांगितलं. ही एकटी पडेल म्हणून मी घरात हसत फिरतो, हे सांगताना मला रडू आलं. पंचावन्न वर्षांचा बाप्या माणूस, चार लोकांत रडत होतो. बाबूजी माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हते, मधूनच मान डोलवत होते. इतकं मन लावून माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं. आतून माझं नाव पुकारलं गेलं. मी डोळे पुसून उठलो तेव्हा ते म्हणाले, "अंदर भी ऐसेई बोलना."

आत बोर्डाच्या प्रमुख एक कर्नल मॅडम होत्या. "बताइए, कैसे हैं?" त्यांनी विचारलं. "फिट" हा शब्द जिभेवर तयार होता. मी तो गिळला आणि म्हणालो, "तकलीफ है, मैम. शुरू से थी. मैंने बताई नहीं." एकदा बांध फुटला होता, पुढचं सोपं गेलं. त्यांनी तापाच्या गोळ्यांचं विचारलं, जुन्या फायलीची पानं उलटली, आणि उंचावरच्या ठाण्यावरच्या नोंदी सापडल्या. त्या शांतपणे लिहीत राहिल्या.

बाहेर आलो तर बाबूजी बाकावरच होते. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. "बाबूजी, आपने कहा था, वैसे ही बोल दिया." ते नुसते हसले. शेजारी एक बाई उभी होती, त्यांची सून. ती म्हणाली, "भाईसाब, इनको कुछ सुनाई नहीं देता. तोपखाने में थे, दोनों कान गए. मशीन भी सुबह से मेरे पर्स में है, बंद पड़ी है."

मी पुन्हा बाकावर टेकलो. ज्यांच्यापाशी मी आयुष्यात पहिल्यांदा मन मोकळं केलं, त्यांना त्यातला एक शब्दही ऐकू आला नव्हता. आणि सकाळी देवळात मी काय बोललो होतो ते मला आठवलं. बाबूजींनी माझा चेहरा वाचला असेल, असं कोणी म्हणेल. म्हणो. मी वाद घालत नाही. त्या हाताची ऊब मला ठाऊक आहे.

काही आठवड्यांनी पत्र आलं. आजार नोकरीत वाढला हे मान्य झालं होतं, टक्के वाढले, पेन्शन मिळाली. सुपरवायझरची नोकरी मी सोडली. पण खरं दान मला त्याआधीच, त्या बाकावर मिळालं होतं. आता मी गुरुवारी दत्तासमोर मांडी घालून बसतो आणि सगळं सांगतो, अगदी बारीकसारीक. तो ऐकतो की नाही, हे तपासायचं मी सोडून दिलं. आपण फक्त खरं बोलून त्याच्यावर सोपवायचं, पुढचं तो बघतो.

परवा हिने सहज विचारलं, "कसं वाटतंय हो?" मी म्हणालो, "आज पाय फार दुखतायत." खाली बसून तिने माझे पाय मांडीवर घेतले. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला हे उत्तर पहिल्यांदाच मिळालं होतं.